बशीतल्या चेतापेशींना मिरची झोंबते का?

मिरची झोंबते ती कॅप्सेसिनमुळे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सर्जियू पास्का यांच्या टीमने हेच रसायन प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी संवेदी चेतापेशींवर टाकलं. त्यांना मज्जारज्जू, थॅलॅमस आणि कॉर्टेक्ससारखे पेशीगोळे जोडलेले होते. पेशी एकूण सुमारे ४० लाख. संदेश थेट शेवटच्या गोळ्यापर्यंत पोहोचला! एप्रिल २०२५ मध्ये हे संशोधन ‘नेचर’मध्ये आलं.

एवढा खटाटोप कशासाठी? उंदरांवर चाललेली वेदनाशामकं माणसांवर अनेकदा फसतात. ओपिऑइड गोळ्या चालतात, पण त्यांचं व्यसन लागतं. आता नवं औषध आधी मानवी पेशींवर तपासता येईल.

मग या पेशींना दुखतं का? नाही. इथे फक्त संदेश धावतो. त्रास जाणवून देणारे मेंदूतले इतर मार्ग या साखळीत नाहीतच.