मरणाऱ्याचा स्वार्थ

मराठीत या गोष्टीला दोन शब्द आहेत : दयामरण आणि इच्छामरण. पहिल्यात दया करणारा कोणी दुसराच असतो, दुसऱ्यात इच्छा मरणाऱ्याची असते. आमच्यात चर्चा होते ती पहिल्याच शब्दाची. परवानगी कोणी द्यायची, गुनाह कोणाच्या माथी, वगैरे. अंथरुणावर पडलेल्याला काय हवे, असे कोणी विचारलेच तर लगेच सुनावले जाते, "हा तर स्वार्थ झाला! जीव अल्लाहची अमानत आहे, तुझी मालकी कसली?"

अमानत आम्हांलाही मान्य आहे. पण बरे होण्याची आशा संपल्यावरही घशात नळी घालून श्वास ओढत ठेवणे म्हणजे अमानत सांभाळणे, हा अर्थ कोणी लावला? जीव घेणे वेगळे आणि निरर्थक उपचार थांबवणे वेगळे, हा फरक अनेक उलेमा मानतात. मोहल्ल्यातल्या वाझमध्ये मात्र तो कधी कानी पडत नाही.

आणि स्वार्थाची झडतीच घ्यायची तर सर्वांची घ्या. आयसीयूचे रोजचे बिल लावणाऱ्या रुग्णालयाला स्वार्थ नाही? 'बापाला घरी आणून मारले' असे बिरादरीने म्हणू नये म्हणून मशीन चालू ठेवायला लावणाऱ्या मुलाला नाही? खटल्याच्या धास्तीने निर्णय टाळणाऱ्या डॉक्टरला?

मुंबईच्या केईएममधील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्याच सफाई कामगाराने प्राणघातक हल्ला केला. त्यानंतर मे २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या तिथेच पडून होत्या. त्यांना बळेच अन्न भरवणे थांबवावे, अशी पिंकी विराणी यांची याचिका होती. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली आणि अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. इतकी वर्षे त्यांना जपणाऱ्या परिचारिकांना आमचा सलाम आहे. विराणींच्या कळवळ्यावरही आम्हांला शंका नाही. पण बोलले ते सर्व दुसरेच. खुद्द अरुणांनी शुद्धीत असताना काही लिहून ठेवावे, अशी सोय १९७३ च्या कायद्यात नव्हती.

त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट मात्र मोकळी केली. परवानगीची अट का? मालमत्तेवर डोळा असलेले नातेवाईक डॉक्टरांना हाताशी धरतील म्हणून. ही भीती खोटी नाही. वारसाहक्काचे वाद पाहिलेल्या कोणालाही ती पटेल.

म्हणूनच विषाची सुई टोचू देणारा कायदा आज आम्हांला नको आहे. 'माझ्या औषधापायी पोरीचे लग्न अडले, मला मोकळे करा' असे म्हणणारा बाप स्वतःचे हित पाहत नसतो. त्याच्या तोंडून घरचे कर्ज बोलत असते. कोणी वेदनेने मरण मागत असेल तर आधी त्याची वेदना थांबवा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने मॉर्फिन दुर्मीळ झाले. २०१४ मध्ये कायदा सैल केला, तरी तालुक्याच्या गावातल्या कॅन्सरच्या रुग्णाला त्यासाठी शहर गाठावे लागते. केरळने वेदनाशामक सेवा गावोगाव, घरोघर नेली. आपण नेली नाही आणि सुईच्या नीतीवर परिसंवाद मात्र भरवतो!

मरणाऱ्याला स्वतःचे हित स्वतः सांगण्याचा हक्क ९ मार्च २०१८ च्या निकालाने दिला. तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागे; २४ जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते. वसीयतीत एकतृतीयांशापलीकडे देता येत नाही, हे आमच्या घरांत पोराटोरांनाही पाठ असते. पण 'मला व्हेंटिलेटर लावू नका' किंवा 'शेवटपर्यंत लावाच' असे लिहून, सही करून ठेवलेला कागद आमच्या ओळखीच्या एकाही घरात नाही.