विलंबित लयीतलं मेटल

मेटल म्हणजे नुसता वेगवान गोंगाट, असं आमच्या परभणीच्या घरात सगळ्यांचं ठाम मत आहे. त्यांनी स्टॉकहोमच्या 'कँडलमास' बँडचा १९८६ सालचा 'एपिकस डूमिकस मेटॅलिकस' ऐकायला हवा. सहाच गाणी, पण लय बड्या ख्यालासारखी, विलंबित! बाकीचे वेगामागे धावत होते, तेव्हा लीफ एडलिंगने दुःखाला पुरेसा वेळ दिला. खप झाला नाही म्हणून कंपनीने बँडला सोडलं. पण पुढे 'एपिक डूम' हे नाव रुजलं ते याच अल्बमवरून. त्यावर पाहुणा म्हणून गायलेला योहान लेंगक्विस्ट २०१८ साली बँडमध्ये परतला... बत्तीस वर्षांनी! गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग सावकाश आळवणाऱ्यांना मी काय सांगणार? दुःख घाईघाईत गाता येत नाही. एकदा दिवे मालवून ऐका, मग खुशाल नावं ठेवा.