बोअर कोणता घ्यावा?

मानखुर्दला राहणारा आणि सुटीच्या दिवसांत आरे वसाहतीत मामाकडे जाणारा एक विद्यार्थी परवा तास संपल्यावर थांबला व म्हणाला, "सर, रिव्हॉल्व्हर घ्यायचे झाले तर कोणत्या बोअरचे घ्यावे? इकडे रात्री गल्लीत चोरांचे भय, तिकडे बिबट्याचे. दोहोंना पुरेल असे एकच हत्यार असेल का?" अर्थशास्त्राच्या अध्यापकाला विचारण्याजोगा हा प्रश्न नव्हे, असे प्रथम वाटले. पण निवड, किंमत आणि पर्याय यांचाच हा प्रश्न आहे. तेव्हा उत्तर देणे प्राप्त झाले.

मुळात ही निवड खुली नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखालील नियमांनी लष्कर व पोलीस यांच्या काडतुसांशी जुळणारे बोअर सामान्य नागरिकास निषिद्ध ठेवले आहेत. .38 आणि 9 मिलिमीटर ही जगभर प्रचलित असलेली मापे म्हणूनच आपल्या वाट्याला येत नाहीत. सरकारी काडतूस चोरवाटेने खासगी नळीत जाऊ नये, हा त्यामागील हिशेब परकीय राजवटीपासून चालत आला आहे. व्यवहारात उरतो तो .32 बोअर. 2014 मध्ये स्त्रियांसाठी म्हणून गाजावाजाने आणलेले, कानपूरच्या कारखान्यातले अर्ध्या किलोचे 'निर्भीक' रिव्हॉल्व्हरही याच बोअरचे. त्याची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. परवान्याचे हेलपाटे वेगळेच.

आता या .32 चे सामर्थ्य पाहू. रिव्हॉल्व्हरच्या या गोळीची ऊर्जा दीडशे ज्यूलच्या आसपास, तर 9 मिलिमीटरची तिच्या सुमारे तिप्पट असते. अलास्कात अस्वलांच्या भयाने लोक कमरेला .44 मॅग्नम बाळगतात, त्याची सात-आठ पट. बिबट्याला जागीच थोपवण्यास .32 अपुरा आहे, आणि जखमी बिबट्या अधिकच घातक. परंतु चाळीतील पत्र्याची भिंत भेदून शेजाऱ्याच्या बिछान्यापर्यंत जाण्यास मात्र तोच पुरेसा आहे. मोठा बोअर मिळाला असता तरी धक्का वाढतो, नेम ढळतो, आणि अंधारात पाठीमागून येणाऱ्या जनावरापुढे हात कमरेपर्यंत पोचण्यास वेळच मिळत नाही.

कायद्याची अडचण त्या मानाने कमी आहे. स्वतःच्या अगर दुसऱ्याच्या बचावासाठी सद्‌हेतूने वन्य प्राण्यास मारणे वा जखमी करणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा ठरत नाही. मारलेले जनावर अर्थात सरकारजमा होते. प्रश्न परवानगीचा नसून उपयुक्ततेचा आहे.

सप्टेंबर 2021 मध्ये आरे वसाहतीत एक वृद्ध स्त्री घराच्या ओट्यावर बसली असता बिबट्याने तिच्यावर झेप घेतली. तिने हातातील आधाराच्या काठीने त्याला हाणले, आणि तो पळाला. हे सारे कॅमेऱ्याने टिपले आहे. काठीला बोअर नसतो! तरीही काठीचा महिमा गाण्याचा मोह आवरला पाहिजे. कारण पुढच्याच वर्षी ऐन दिवाळीत, पहाटेच्या वेळी, त्याच वसाहतीत दीड वर्षाच्या मुलीचा बळी गेला. त्या लेकराच्या हाती ना काठी होती, ना रिव्हॉल्व्हर.

तिला वाचवू शकले असते ते कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही. उघड्यावरचा कचरा कुत्र्यांना जमवतो, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. शौचालय दूर असले की माणूस अंधारात झुडपांकडे जातो. कचरा उचलणे, वाटेवर दिवा, घराजवळ शौचालय या गोष्टींचा लाभ एकाला देऊन दुसऱ्याला नाकारता येत नाही. अर्थशास्त्रात आम्ही यांना सार्वजनिक वस्तू म्हणतो, आणि त्या पुरेशा पुरवल्या गेल्या नाहीत म्हणजे ज्याच्या खिशात सव्वा लाख आहेत तो आपल्यापुरता भयमुक्त होऊ पाहतो. मानखुर्दच्या गल्लीतही वेगळे काय आहे? चोराला अंधार लागतो, आणि रात्रीची गस्त ज्या गल्लीपर्यंत पोचत नाही तीच तो निवडतो. त्या गल्लीत एका घरात रिव्हॉल्व्हर आले तर शेजारची नऊ घरे आहेत तिथेच राहतात.

विद्यार्थ्याला एवढेच सांगितले की पैसे राखून ठेव, मामाकडे रात्री एकट्याने जाऊ नकोस, लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर अंगणात सोडू नका, आणि वाटेवरच्या दिव्यासाठी अर्ज करा. "अर्ज कोणाकडे?" त्याने विचारले. शस्त्राचा परवाना पोलीस आयुक्तांकडे मागायचा, हे त्याला पक्के ठाऊक होते. दिव्याचे मात्र मलाही नीट सांगता येईना. आरेची काही जमीन दुग्धविकास विभागाची, काही वनखात्याची, आणि भोवतालचे शहर महापालिकेचे. तिघांकडेही अर्ज कर, असे म्हणालो.