गर्दी टाळण्याचे अर्थकारण

हवाईतील ओआहू बेटावर निघालेल्या प्रवाशाला एक सल्ला हमखास मिळतो : प्रसिद्ध स्थळे पाहायची तर भल्या पहाटे गाठावीत. सल्ला खोटा नाही. परंतु तो सर्वांनीच मानला की पहाटेचीच गर्दी होते.

हनौमा उपसागराचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. ज्वालामुखीच्या मुखात वसलेल्या या उथळ प्रवाळसृष्टीत १९८० च्या दशकात वर्षाला सुमारे तीस लाख माणसे येत असत. १९९० पासून निर्बंध आले, पुढे प्रवेशशुल्कही आले. २०२० साली साथीमुळे हे स्थळ काही महिने बंद राहिले, तेव्हा पाणी अधिक नितळ झाल्याचे संशोधकांना आढळले. त्या डिसेंबरात ते पुन्हा उघडले, ते दैनंदिन संख्येवर मर्यादा घालूनच. आता सोमवार-मंगळवारी माशांना सुट्टी असते. बाहेरच्या प्रवाशाला २५ डॉलर मोजून दोन दिवस आधी आरक्षण करावे लागते. स्थानिकांना शुल्क नाही, आणि ते रास्तच आहे. समुद्र त्यांच्या अंगणातला आहे.

रांग मात्र संपलेली नाही. ती किनाऱ्यावरून संगणकापुढे सरकली आहे. पूर्वी ज्याच्यापाशी वेळ, त्याला प्रवेश मिळे. आता ज्याच्यापाशी पैसा आणि सावधपणा, त्याला मिळतो. शिवाय आरक्षण हुकलेला प्रवासी मायदेशी परतत नाही. हवाईतील किनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. तो शेजारच्या किनाऱ्यावर जातो, आणि तेथे बहुधा ना मर्यादा असते, ना रखवालदार.