हात कोणाचे?



पोळ्याला आपण गेरूत हात बुडवून बैलाच्या अंगावर पंजा उठवतो. आदिमानवाची रीत उलटी. गुहेच्या भिंतीला पंजा टेकवायचा, भोवती गेरूचे पाणी तोंडाने फुंकायचे. हात काढला की कोरा पंजा मागे राही. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरचा असा एक पंजा किमान ३९,९०० वर्षांचा असल्याचे २०१४ साली ठरले.

हे हात शिकारी पुरुषांचे, असाच समज होता. अमेरिकेच्या डीन स्नो यांनी फ्रान्स-स्पेनच्या गुहांतील ३२ पंजांची बोटे मोजली. त्यांतले २४ बायकांचे असावेत, असे त्यांनी २०१३ साली सांगितले.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही कांद्याची लागण, खुरपणी बायकांच्याच हातची. मेळाव्याला मात्र पुरुषच पुढे! पुढच्या खेपेस जोडीने या. सातबाऱ्यावर तिचे नाव आहे का, तेही पाहा.