ढोल कुणाचे?

मंडळी, ही पोस्ट लिब्रेऑफिसमध्ये टाइप केलीये, फुकटात. हे सॉफ्टवेअर भांडणातूनच जन्मलं. २०१० मध्ये ओरॅकलने सन कंपनी घेतली, सोबत ओपनऑफिसही गेलं. एका कंपनीच्या मर्जीवर चालायचं नाही म्हणून अनेक स्वयंसेवक २८ सप्टेंबरला वेगळे झाले. नाव मागितलं, मिळालं नाही. कोड मात्र नेता आला, कारण परवान्यातच तशी मुभा होती. (आपल्याकडे मंडळ फुटलं की ढोल कुणाचे यातच वर्ष जातं!)

आपल्या कराच्या पैशातून नगरपरिषद सॉफ्टवेअर घेते तेव्हा परवाना कोण वाचतं? उद्या ठेकेदार बदलला तर कोड आणि घरपट्टीच्या नोंदी आपल्याकडे राहणार का? हे करारातच लिहून घ्यायला हवं. शिरगावकरांनो, तुमच्या नगरसेवकाला एकदा विचाराच.