मंद तारेची वेठ

"गावात नेट नाही, म्हणून बुलढाण्याला निघालो." पैनगंगेकाठचे देऊळघाट असो की अजिंठ्याच्या डोंगररांगेतले दुसरे एखादे खेडे, हे वाक्य इतक्या सहजपणे बोलले जाते की त्यातला अन्याय आता कोणाच्या कानाला टोचेनासा झाला आहे. आमच्या कानाला तो टोचतो! एका फॉर्मासाठी शेतकऱ्याचा अख्खा दिवस जातो, जाण्यायेण्याचे भाडे जाते, रोजंदारीवरच्या बाईची मजुरी बुडते. हा पैसा कोणाच्या चुकीने गेला आणि भरला कोणी?

"खेड्यात असेच चालायचे," असे सांगणाऱ्यांनी आधी हे ऐकावे. तारेच्या वेगाला कारणे असतात आणि प्रत्येक कारणामागे निर्णय घेणारा किंवा निर्णय दाबून बसलेला माणूस असतो. हे नीट कळायला डायल-अपच्या, म्हणजे फोनच्या तारेवरून नेट चालण्याच्या काळात जावे लागते, कारण खेड्याची लूट तिथेच सुरू झाली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने देशात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. मुंबईकराने स्थानिक कॉल लावून आत शिरावे. ज्याच्या गावाजवळ केंद्र नाही त्याने एसटीडीचे पैसे मोजून शिरावे, अशी ती सुरुवात होती. पुढे स्थानिक दरात जोडणी मिळू लागली आणि मोडेमच्या खोक्यावर '५६ के' असे ठसठशीत छापून येऊ लागले. ते छप्पन किलोबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम ७ किलोबाइट. आणि तेवढेही मिळायचे तर एक्स्चेंज डिजिटल हवे, तार सलग हवी, अंतर कमी हवे. वाटेत सिग्नलचे ॲनालॉग-डिजिटल रूपांतर एकदा जास्त झाले की तोच मोडेम ३३.६ वर घसरे. आपल्याकडून पाठवायचे असेल तर मुळातच मर्यादा ३३.६ ची. आज शेताच्या बांधावर काढलेला ३ मेगाबाइटचा एक फोटो त्या तारेवरून चढवायला सुमारे १२ मिनिटे लागली असती. स्थानिक कॉलचे युनिट ३ मिनिटांचे. म्हणजे चार युनिटे. मध्येच जोडणी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चार!

तार जितकी मंद, तितके बिल मोठे. ज्यांनी तार सडू दिली त्यांच्याच गल्ल्यात ग्राहकाचा उशीर जमा होत होता. याहून उघड अन्याय कोणता?

त्या काळी खांबावरचा एक जोड आम्ही जवळून पाहिला होता. तांब्याच्या दोन तारा हाताने पिळलेल्या, त्यांवर हिरवट गंज, वरून दुधाच्या पिशवीचा तुकडा सुतळीने बांधलेला. मृगाचा पहिला पाऊस पडला की त्या पिशवीत पाणी साचे, फोनमध्ये खरखर सुरू होई आणि मोडेम आधी वेग उतरवी, मग मान टाकी. कित्येक खेड्यांत तर एवढीही तार पोचली नव्हती. गावचा एकुलता फोन रेडिओवर चाले, तिथे मोडेमची डाळ शिजतच नसे. ग्राहकाला मात्र सल्ले मिळत: समांतर जोडलेला दुसरा फोन काढा, घरातली वायर आखूड करा, कॉल वेटिंग बंद ठेवा, पानावरची चित्रे बंद करा. सल्ले खरे होते आणि त्यांनी फरकही पडे. पण घराच्या भिंतीपासून एक्स्चेंजपर्यंतच्या तारेचे काय? ती दुरुस्त करणे ग्राहकाचे काम होते काय?

३० सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेत एओएल कंपनीनेही आपली डायल-अप सेवा बंद केली. आमच्या खेड्यांतून जोडणी लागतानाची मोडेमची किंकाळी कधीच गेली. उशीर मात्र हलला नाही. आता रस्ता रुंद करणारा जेसीबी फायबर तोडतो, वीज गेली की टॉवरची बॅटरी दम तोडते, आणि ओटीपी पोचतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते.

पैसा नव्हता, हे आम्हाला कोणी सांगू नये. खेड्यांपर्यंत सेवा नेण्यासाठी २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ५ टक्के वेगळे काढले जात आहेत. तो पैसा शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जमधूनच येतो. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, मुदत दोन वर्षांची. ती उलटली. १५ ऑगस्ट २०२० रोजी लाल किल्ल्यावरून वचन आले: हजार दिवसांत प्रत्येक गावात फायबर. हजार दिवस मे २०२३ मध्ये संपले आणि ऑगस्टमध्ये सुमारे १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. या दिरंगाईबद्दल जनतेसमोर जाब कोणी दिला?

पण शेतकऱ्याला मुदत चुकवून चालत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो वर चढवायला रेंज शोधत टेकाडावर जायचे. २०२५ च्या खरिपापूर्वी गारपिटीने किंवा पुराने पीक गेले तर विम्यासाठी ७२ तासांत कळवावे लागे; ॲपवर कळवा की फोनवर, दोन्हीला रेंज लागे आणि त्याच पावसात टॉवर बंद पडलेला असे. शेतकऱ्याला बहात्तर तास, सरकारला हजार दिवस, आणि मुदत उलटली की दंड एकट्या शेतकऱ्याला! हा कायदा कोणत्या तराजूत तोलला?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. जितके तास गावची जोडणी बंद, तितके तास प्रत्येक सरकारी मुदतीत आपोआप वाढलेच पाहिजेत. रस्त्याच्या कामात फायबर तोडणाऱ्या ठेकेदाराच्या बिलातून दुरुस्तीचा खर्च कापलाच पाहिजे. आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर रोजचा वेगही लिहिलाच पाहिजे.

देऊळघाटच्या तरुणांनो, आजपासून एक वही घाला. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी मोबाइलवर वेग मोजा. तारीख, वेळ, जागा आणि आकडा लिहा. ज्या दिवशी वीज नव्हती, ज्या दिवशी तार तुटली, तेही लिहा. फॉर्मासाठी बुलढाण्याला किती खेपा झाल्या आणि किती मजुरी बुडाली, तेही लिहा. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वही ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवा, तिच्यातले आकडे मोठ्याने वाचा, आणि ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल हातात पडेपर्यंत सभा उठू देऊ नका.